मास्तरांचा उंबरा

आरोहीच्या लग्नातून सर्जेराव वायदंडे यांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. सासर कराडला, म्हणजे तासगावपासून साठ किलोमीटरवर. सकाळी निघालं की जेवायला तिथं. जावई सौरभ आवळे, पाणीशुद्धी केंद्रावर इंजिनिअर, सुपारीसुद्धा न खाणारा. व्याही-विहीणबाई बरीच वर्षं सुरतेला राहून आलेले, तोंडानं गोड. शिवाय चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वरातीपुढं लाल टोपी घालून चाललेल्या या बँडमास्तरांना एकदा तरी वरातीच्या मागून, फेटा बांधून, हात हलवत चालायला मिळणार होतं.

पण हे सगळं तराजूच्या एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात आरोहीचं एकच वाक्य होतं आणि ते पारडं जमिनीला टेकलं होतं.

"पप्पा, वरातीला तुमचाच बँड पाहिजे. आणि क्लॅरोनेट तुम्हीच वाजवायचं."

सातवीत असताना याच मुलीनं शाळेच्या गॅदरिंगला बँड आणू नका म्हणून दोन दिवस जेवण सोडलं होतं. पुण्याच्या कॉलेजात ती "वडील संगीतक्षेत्रात आहेत" असं सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायची. तेव्हा हे वाक्य ऐकल्यावर सर्जेरावांनी मागून चालण्यावर पाणी सोडलं, यात नवल नाही. फेटा बांधूनच पुढं चालू, म्हणाले.

"वाजवायचं काय पण?"

"हानआजोबांचं. दुसरं काय? आमचं जमलंच त्या गाण्यावर."

हानआजोबा तासगावात सगळ्यांना माहीत होते. चीनमधल्या कुठल्याशा डोंगरी गावचे सत्त्याहत्तर वर्षांचे हान युशेंग. वाजवायचे स्वोना, म्हणजे आपल्या सनईची थोरली, मोठ्या आवाजाची बहीण. 'नदीपलीकडे' नावाची त्यांची एक धून दोन वर्षांपूर्वी इंटरनेटवर आली आणि लिमापासून लातूरपर्यंत सगळ्यांच्या कानात जाऊन बसली. तासगावच्या बेदाणा मार्केटमधले हमालसुद्धा ती गुणगुणत. आरोही पुण्यात आणि सौरभ कराडात, दोघांनी एकाच संध्याकाळी त्या गाण्याखाली एकच वाक्य लिहिलं होतं: "हे मी आधी कुठंतरी ऐकलंय." तिथून बोलणं सुरू झालं, आणि आता सत्तावीस तारीख निघाली होती.

आता वायदंडे पार्टीची गाणं बसवायची रीत सांगतो. मास्तर गाणं एकदा ऐकणार, सरगम कागदावर उतरवणार, ट्रम्पेटचा कागद वेगळा, फोनियमचा वेगळा. या वेळी मात्र लग्नघर त्यांचंच. मंडप, आचारी, मानापानाची उपरणी. सर्जेरावांनी अकरा वादकांना फोनवर सांगून टाकलं, "आपापलं ऐकून, उचलून या. सगळ्यांना पाठच हाय ते."

ही चूक फक्त बँडवाल्यांच्याच अंगाशी यायची. बाकीच्यांना गाणं पाठ असतं. वाजवून कुणी बघत नाही.

बेदाण्याचा हंगाम संपला होता, त्यामुळं तालमीला एक रिकामं शेड मिळालं. सर्जेरावांनी हात वर केला, खाली आणला, आणि अकरा जणांनी अकरा गाणी वाजवली.

"थांबा!" सर्जेराव ओरडले. "भगवान, तू काय वाजवायलायस?"

"हानआजोबांचं," ट्रम्पेटवाला भगवान म्हणाला.

"ते हानआजोबांचं? त्यात कोमल गंधार कुठनं आला?"

"हायच की मूळचा."

"मूळचा न्हाई," सॅक्सोफोनवाले इलाहीचाचा म्हणाले. पार्टीतले सगळ्यांत जुने तेच. "मूळचं कव्वालीच्या अंगाचं हाय. टाळीवर येतंय बघा." आणि त्यांनी वाजवून दाखवलं. ते सुंदर होतं, आणि इतर दहा जणांच्या मते साफ खोटं होतं.

ढोलवाला तुकाप्पा आपल्या बाजूनं भजनी ठेका सोडायला तयार नव्हता. "काल पन्नास वेळा ऐकलंय मी. कानाला काय भोकं हायती माझ्या?"

"हायतीच की," भगवान म्हणाला.

तासाभरात दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. सर्जेरावांनी सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि आपण शेडच्या उंबऱ्यावर टेकले. त्यांच्या स्वतःच्या कानात जे गाणं होतं, ते या अकरांपैकी एकाशीही जुळत नव्हतं.

एसटी स्टँडसमोर नसीमा मुल्लाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. सर्जेरावांनी आपला कानमणी तिच्या काउंटरवर ठेवला. कानमणी म्हणजे कानाच्या भोकात बसून गाणी ऐकवणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा तो मणी. आता गावात चपलेशिवाय माणूस दिसेल, कानमण्याशिवाय दिसणार नाही. आवाजाचे नियम कडक झाल्यापासून डीजेच्या वरातीसुद्धा मुक्या झाल्या होत्या. दोनशे माणसं कानात मणी घालून नाचतात आणि रस्त्यावर नुसता चपलांचा आवाज येतो.

"बिघडलाय हा. गाणं वेगळंच ऐकवतो."

नसीमानं मणी हातातही घेतला नाही. "बिघडला न्हाई, मास्तर. त्याचं कामच ते. चिनी गाणी पूर्वी ऐकायचा का तुम्ही?"

"कशाला ऐकू? मांजर भांडल्यासारखी वाटायची."

"बघा. नेटवर वीस-पंचवीस वर्षं पडून होती ती गाणी. लोक यायचे, 'छान छान' लिहायचे आणि पाऊण मिनिटात पळायचे. का? तर गाणं कान ऐकतोय असं आपल्याला वाटतं, पण पुढचा सूर कुठला येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून बसलेला असतो. अंदाज पूर्ण बरोबर आला तर कंटाळा. पूर्ण चुकला तर गोंगाट. थोडा बरोबर, थोडा चुकीचा आला, की अंगावर काटा. आणि हा अंदाज बांधायची सवय लागते दहा-बारा वर्षांचं होईस्तोवर. घरात, गल्लीत जे कानावर पडलं त्यातनं."

"मग?"

"मग हा मणी कानाच्या कातडीवरनं मेंदूतली बारीक वीज मोजतो. तुमचा अंदाज कुठं पार कोसळला ते त्याला कळतं. तिथं तो सूर केसभर वाकवतो, ठेका इकडचा तिकडं करतो, वाद्याचा आवाजही थोडा बदलतो. एकदम न्हाई. पंधरा-वीस वेळा ऐकलं की हळूहळू गाणं तुमच्या मापाचं होतं. टेलर उसवून शिवतो तसं."

"म्हणजे भगवानचं वेगळं, माझं वेगळं?"

"नव्वद कोटी लोकांची नव्वद कोटी गाणी. कंपनीनं लिहिलंय की तसं, अगदी खाली, बारीक अक्षरात. वाचतंय कोण?"

सर्जेरावांनी मणी उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, "पोरीचं कसलं असंल गं?"

ते कळायला वेळ लागला नाही. आरोही बस्त्याला मावशीबरोबर सांगलीला गेली होती आणि तिचा कानमणी घाईत देवघरासमोरच्या डबीतच राहिला होता. नसीमानं सांगितलंच होतं, की मणी नव्या कानाला रुळायला आठवडा घेतो. तोवर जुन्याच मालकाचं ऐकवत राहतो. सर्जेरावांनी चोरासारखं दार लोटून घेतलं आणि तो मणी कानात घातला.

गाणं सुरू झालं. स्वोना नव्हतीच त्यात, क्लॅरोनेट होतं. चाल संथ, वरातीची. वाजवणारा काही फार भारी नव्हता. निषाद जरा उतरलेला. आणि ओळ संपत येताना, शेवटच्या दोन सुरांच्या आधी, हा गडी चक्क श्वास घेत होता! ओळीच्या मधेच! सर्जेरावांना राग आला. एवढी मोठी कंपनी, नव्वद कोटी गिऱ्हाइकं, आणि एक दमदार वाजवणारा मिळू नये?

बायको सुरेखा लाडवांची परात घेऊन आत आली. त्यांनी मणी काढून तिच्या कानात घातला. "ऐक. कसला कच्चा माणूस घेतलाय."

सुरेखाबाईंनी चार सेकंद ऐकलं. "काय ओ," त्या म्हणाल्या, "भरल्या घरात कामं पडलीत आणि तुम्ही स्वतःचंच वाजवलेलं ऐकत बसलाय होय?"

सर्जेरावांना लहानपणी फुफ्फुसात पाणी झालं होतं. दम तेव्हापासून तोकडा. प्रत्येक ओळीत शेवटच्या दोन सुरांआधी त्यांना थांबून श्वास घ्यावा लागे. पार्टीतले लोक त्याला 'मास्तरांचा उंबरा' म्हणत. मास्तर दारात येतात, पाय उचलतात, मग आत जातात. हेच क्लॅरोनेट आरोही पाळण्यात असल्यापासून पलीकडच्या खोलीत रोज सकाळी दोन तास वाजत होतं.

त्यांनी भिंतीला टेकून घेतलं. आरोही गेल्याच महिन्यात चुलीपाशी बसून आईला समजावून सांगत होती, ते त्यांना आठवलं. "चिनी संगीतात ना मम्मी, ओळ संपायच्या आधी एक क्षण थांबतात. दारात थांबल्यासारखं. आपल्याकडं असलं नाजूक काही नाहीच."

"सांगून टाका तिला," सुरेखाबाई म्हणाल्या. सर्जेरावांनी नकारार्थी मान हलवली, तशा लाडू वळता वळता थांबल्या. "का नको?"

"तेच कळंना. सांगितलं आणि तिला त्या गाण्याचीच लाज वाटली तर?"

त्यांनी जावयाला फोन लावला. वरातीच्या तयारीचं निमित्त होतं. "जरा गुणगुणून दाखवा की, तुम्हाला कसं पाहिजे ते."

सौरभनं लाजत लाजत म्हणून दाखवलं. तो अख्खा गरबा होता. सुरतेच्या कुठल्याशा गल्लीतले नऊ दिवस, टिपऱ्यांसकट.

"आमचं दोघांचं सेम आहे, पप्पा," सौरभ म्हणाला. "आम्ही डोळे मिटून एकत्र ऐकतो. ती रडते, मला नाचावंसं वाटतं. आनंदानं होतं तसं कधी कधी."

सर्जेरावांनी फोन ठेवला. आता भानगड अशी. आरोहीचं वाजवलं, तर जावयाला कळणार की हे आपलं गाणं नव्हे. जावयाचं वाजवलं, तर आरोहीला. दोघं एका गाण्यावर भेटलीच नव्हती. आपापल्या बालपणाला भेटली होती आणि मधे योगायोगानं एकमेकांचा हात लागला होता. हे उघडं पडलं तर सत्तावीस तारखेचं काय? आणि उघडं नाही पाडायचं, तर वाजवायचं काय?

"ज्याचं गाणं हाय त्यालाच विचारू," ते नसीमाला म्हणाले.

नसीमानं हानआजोबांच्या नातीचं पान शोधलं, निरोप धाडला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातल्या पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला. मधे भाषांतराचं यंत्र होतं. चिनी बोलीचं मराठी करायला ते कुठल्या वर्तमानपत्रात शिकलं होतं कोण जाणे.

"नमस्कार," हानआजोबा यंत्रातून म्हणाले. "आपल्या सुकन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ या वृद्धाचे हार्दिक अभिनंदन. आपण देखील विवाहप्रसंगी वादन करता, हे समजून आनंद झाला."

"आजोबा, एकच विचारतो. ते गाणं खरं कसं हाय? आमच्यात बारा तऱ्हा झाल्यात."

म्हातारा खूप हसला. "मला सांगता येणार नाही. माझ्या नातीने मलाही ते कर्णयंत्र दिले आहे. मी त्यात स्वतःला ऐकतो. त्यात माझे सर्व दात शाबूत आहेत."

ज्याचं त्यालाच माहीत नाही म्हटल्यावर विचारायचं कुणाला?

"मग मणी काढून, आत्ता वाजवता का?" सर्जेरावांनी विचारलं. "आम्ही पण काढतो. साध्या फोनवर."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातून स्वोना आणली, ओठ ओले केले आणि फुंकली. दुकानाच्या काचा थरथरल्या. भाषांतराचं यंत्र म्हणालं, "वाक्य समजले नाही. कृपया पुन्हा बोला." म्हातारा वाजवत राहिला. "वाक्य समजले नाही." नसीमानं ते यंत्र बंद केलं.

खरं सांगायचं तर सर्जेरावांना ते आवडलं नाही. कर्कश होतं, फाटकं होतं, सूर जिथं जावा असं वाटे तिथं जातच नव्हता. मांजरंच भांडत होती. पण त्यांचा उजवा पाय काउंटरखाली आपोआप हलायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा, श्वास. चार पावलं आणि श्वास. माणूस खुर्चीवर बसला होता. सूर मात्र चालत होते.

नसीमानं भाषांतर पुन्हा सुरू केलं. सर्जेरावांनी विचारलं, "आजोबा, हे चालत वाजवायचं असतं का?"

पडद्यावर म्हाताऱ्यानं स्वोना मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आमच्या घराण्यात ही धून मुलीला सासरी पाठवताना वाजवतात. दारापासून गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत. विहिरीपाशी वादक थांबतो. मुलीने वळून पाहिले, तर शेवटचा वरचा सूर लावायचा. न पाहिल्यास तो सूर स्वतःजवळ ठेवायचा. कंपनीने ध्वनिमुद्रणाच्या वेळी मला खुर्ची दिली. चांगली खुर्ची होती. नव्वद कोटी लोकांनी ऐकले, असे मला सांगतात. मी चालतो का, असे विचारणारे आपण पहिले."

सर्जेरावांनी त्याच दिवशी सरगम उतरवली, अकरा कागद केले, आणि शेडमध्ये सगळ्यांना कानमणी काढून पाटीत टाकायला लावले.

"हे काय गाणं हाय?" भगवान म्हणाला.

"असलंच हाय ते. वाजीव."

"लोक दगडं मारतील, मास्तर."

"तू पुढं चाल, मी मागं हाय," इलाहीचाचा म्हणाले.

सत्तावीस तारखेला अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि संध्याकाळी कार्यालयापासून चौकात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत वरात निघाली. फेटा बांधलेल्या सर्जेरावांनी क्लॅरोनेट ओठाला लावलं. ती धून त्यांनी हानआजोबांनी वाजवली तशीच्या तशी घेतली. चाल तीच, वाकडे सूर तेच. फक्त दम त्यांचाच होता. चार पावलांवर श्वास म्हाताऱ्याचा. शेवटच्या दोन सुरांआधीचा जादा श्वास यांचा. त्याला इलाज नव्हता.

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"हे कुठलं काढलंय यांनी?"

"नवं असेल."

"अहो, हानआजोबांचं वाजवणार होते ना?" विहीणबाई म्हणाल्या. "हे नव्हे ते, बाई. ते किती गोड आहे!" आणि त्यांनी पर्समधून कानमणी काढून कानात घातला. बघता बघता दीडशे जणांनी घातले. वरात नाचायला लागली, प्रत्येक जण आपल्या गाण्यावर, आणि पुढं बारा माणसं जीव तोडून वाजवत होती. ती कुणाला ऐकू येत नव्हती.

आरोहीनं मात्र आपला मणी काढला. पप्पा वाजवतायत, निदान आज ऐकावं, एवढाच तिचा विचार असावा. दोन ओळी ती गोंधळून ऐकत राहिली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी सर्जेराव दारात थांबले, पाय उचलला, आत गेले.

"सौरभ!" तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. "तोच! तो श्वास ऐकलास? हेच आपलं गाणं!"

सौरभनं मणी काढला. कान टवकारले. जन्मात न ऐकलेलं काहीतरी त्याच्या अंगावरून चाललं होतं; टिपऱ्यांचा पत्ता नव्हता. त्यानं बायकोच्या भरल्या डोळ्यांकडं बघितलं.

"हो," तो म्हणाला. "हेच की."

इलाहीचाचांनी सॅक्सोफोनमागून मास्तरांना डोळा मारला. चौकात, गाडीपाशी, आरोही धावत पुढं आली आणि वडिलांच्या गळ्यात पडली.

"पप्पा, तो चिनी श्वास कसा जमवलात? अगदी बरोब्बर! किती दिवस लागले?"

सांगायची वेळ होती ती. सुरेखाबाई दोन पावलांवर उभ्या होत्या, त्यांनी नवऱ्याकडं रोखून बघितलं.

"लागले की," सर्जेराव म्हणाले. "चाळीसेक वर्षं."

आरोही खळखळून हसली. पप्पांना आज विनोद सुचतोय म्हणून तिला बरं वाटलं. ती गाडीत बसली. गाडीच्या काचा काळ्या होत्या. सर्जेराव क्लॅरोनेट ओठाला लावून चौकात थांबले, शेवटचा सूर तोंडात धरून. गाडी वळली. काचेमागं काहीतरी हललं. तिनं वळून बघितलं असेल, किंवा केसांतला गजरा सारखा केला असेल, किंवा कानात मणी घातला असेल. काही कळलं नाही.

तेव्हा कुणी काय दिलं ते बघू. हानआजोबांनी धून दिली आणि त्यांना खुर्ची मिळाली. सौरभनं संसाराच्या पहिल्याच दिवशी एक खोटा शब्द दिला. तो यापुढंही देत राहील, आणि त्याला त्याची सवय होईल. सर्जेरावांनी आपला तोकडा दम दिला आणि तो चीनच्या नावावर लागला. आरोहीनं काहीच दिलं नाही, कारण तिला कुणी काही मागितलंच नाही.

आणि तो वरचा सूर? वळून बघितलं की नाही ते ठरलं नाही, म्हणून तो लावलाही नाही आणि ठेवलाही नाही. चौकातली माणसं पांगली, तुकाप्पानं ढोल टेम्पोत चढवला, तरी मास्तरांचे गाल फुगलेलेच होते.